काजव्याचा उजेड कोणाच्या हातात?



रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात आंजर्ले नावाचे गाव आहे. जोग नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या काठी. कड्यावरचा गणपती आणि किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवे यांमुळे शहरातल्या पर्यटकांना ते ठाऊक आहे. आपल्या कोरडवाहू मुलखातल्या फार थोड्या जणांनी ते पाहिले असेल. तिथे कापूस नाही, ज्वारी नाही. तिथे नारळ, सुपारी, आंबा, भात आणि मासळी. मग कापूस-ज्वारीवाल्यांच्या या अंकात आंजर्ल्याचे काय काम?

काम आहे. गेल्या काही बैठकांत एक विषय निघतो आणि हसण्यावारी जातो. पाण्यातले, दुधातले, मासळीतले रोगजंतू उजेडाच्या मदतीने ओळखणारी हातात मावणारी यंत्रे निघाली आहेत. काही मिनिटांत आकडा दाखवतात. विषय निघाला की कोणीतरी म्हणतो, "आपल्याला काय करायचे? आपण कापूस विकतो, जंतू नाही." सगळे हसतात आणि पुढचा विषय सुरू होतो.

आम्हांला हे हसणे महागात पडेल असे वाटते. ते का, हे सांगण्यासाठी आंजर्ल्यापासून सुरुवात करतो. हा किनारा जे भोगून बसला ते उद्या आपल्या दारात येणार आहे. काही तर आलेही आहे.

किनाऱ्यावरचे दोन धडे

पहिला धडा 1997 चा. आंजर्ल्याच्या शेजारी हर्णै बंदर आहे. तिथे पुळणीवर मासळीचा लिलाव होतो. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बोली लागते, माल बर्फात जातो. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात युरोपीय समुदायाने भारतातून येणाऱ्या मासळीवर बंदी घातली. कारण सांगितले स्वच्छतेचे आणि रोगजंतूंचे. साल्मोनेला, व्हिब्रिओ अशी नावे त्या वेळी वर्तमानपत्रांत आली. पुढे कारखान्यांची तपासणी झाली, नवे नियम लागले. ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांनी फरशा, शीतगृहे आणि प्रयोगशाळा उभ्या केल्या आणि एकेक करून त्यांना परवाने मिळत गेले.

बंदी चूक की बरोबर हा आजचा मुद्दा नाही. घाण माल कोणी विकू नये आणि कोणी खाऊ नये. मुद्दा असा की मोजमाप झाले कुठे? ते झाले कारखान्यात आणि परदेशी बंदरावर. ज्याने रात्र समुद्रात काढून मासळी आणली त्याच्या हातात मोजायला काय होते? नाक आणि डोळे. मासळी ताजी आहे की नाही हे त्याला जगातल्या कोणत्याही तपासनिसापेक्षा चांगले कळते. पण साल्मोनेला नाकाला कळत नाही आणि डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे वरून जो निकाल आला तो त्याला मुकाट मान्य करावा लागला. आपला माल चांगला होता हे सिद्ध करण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते. व्यापाराचा नियम आपण सगळे जाणतो. वरच्याचा तोटा पायरी पायरीने खाली उतरतो आणि जो शेवटच्या पायरीवर बसला आहे त्याच्या ताटात पडतो.

दुसरा धडा 3 जून 2020 चा. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आले. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याच्या गावांत नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले. पिढ्यांनी लावलेली झाडे एका दुपारी गेली. अशा वेळी गावात पहिला प्रश्न उभा राहतो तो पाण्याचा. वीज नाही म्हणजे नळ नाही. नळ नाही म्हणजे विहीर. विहिरीत झावळ्या पडलेल्या, पाणी गढूळ, शेजारच्या संडासाचा खड्डा पावसाने भरलेला. हे पाणी पिण्याजोगे आहे की नाही? उत्तर प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा तालुक्याला नाही तर जिल्ह्याला, रस्त्यावर झाडे, आणि नमुना पोचला तरी निकालाला दोन दिवस. दोन दिवस तहान थांबत नाही.

जंतू थांबत नाहीत, निकाल थांबतो

निकालाला दोन दिवस का लागतात? यात कोणा कारकुनाची चूक नाही. पद्धतच तशी आहे. एक जंतू डोळ्याला दिसत नाही. म्हणून त्याला खाऊ घालून त्याची वाढ करायची, त्याचा ठिपका झाला की ठिपके मोजायचे. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने 1880 नंतरच्या वर्षांत ही पद्धत बसवली. हाच कॉख पटकीचा जंतू शोधत 1884 साली कलकत्त्याला आला होता आणि तिथल्या तळ्याच्या पाण्यात त्याला तो सापडला. पद्धत पक्की आहे. आजही शेवटचा शब्द तिचाच. पण जंतूला वाढायला 24 ते 48 तास द्यावे लागतात. साल्मोनेलाची पक्की खात्री करायची तर तीन ते पाच दिवस.

दरम्यान जंतू काय करतो? पोटात नेहमी आढळणारा ई-कोलाय जंतू चांगली ऊब आणि खाणे मिळाले की 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. हिशेब करून पाहा. तासाला तीन वेळा दुप्पट. आठ तासांत 24 वेळा दुप्पट. एका जंतूचे आठ तासांत 1 कोटी 67 लाख. सावकाराचे व्याजसुद्धा या गतीने वाढत नाही. मे महिन्याच्या उन्हात कॅनमध्ये उभे असलेले दूध आणि पुळणीवर बर्फाची वाट पाहणारी मासळी यांच्यात हेच चालू असते. निकाल येईपर्यंत दूध फाटते आणि पाणी तर पिऊनही झालेले असते.

म्हणून शास्त्रज्ञ अनेक वर्षे विचार करत होते की जंतूची वाढ होण्याची वाट न पाहता तो आहे हे ओळखता येईल का? या प्रश्नाचे एक उत्तर मृगाच्या तोंडावर आपल्या बांधावरच चमकत असते.

काजव्याची गोष्ट

काजवा उजेड कसा पाडतो? 1947 साली अमेरिकेत विल्यम मॅकेल्रॉय नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की काजव्याच्या शेपटातले द्रव्य चमकण्यासाठी एटीपी नावाचा पदार्थ लागतो. प्रयोगासाठी काजवे लागत, तर तो गावातल्या पोरांना पैसे देऊन ते पकडून आणायला सांगे. एटीपी म्हणजे जिवंत पेशीचे खर्चायचे नाणे. माणूस असो, ज्वारीचे रोप असो की जंतू, प्रत्येक जीव आपली कामे या नाण्यावर चालवतो. जिथे जीव तिथे एटीपी. काजव्याचे द्रव्य एटीपीला भेटले की उजेड. जितके एटीपी जास्त तितका उजेड जास्त. उजेड मोजला की जिवंत पेशी किती ते कळते.

1985 साली काजव्याचा हा गुण वाहणारे जनुक वेगळे करण्यात आले आणि ते द्रव्य जंतूंकडूनच तयार करून घेता येऊ लागले. मग काजवे पकडायची गरज उरली नाही. आज कारखान्यांत एक बोळा फरशीवर किंवा भांड्यावर फिरवतात, द्रव्यात बुडवतात, हातातल्या यंत्रात घालतात आणि मिनिटाच्या आत आकडा वाचतात.

उजेडाच्या आणखी तऱ्हा आहेत. ई-कोलायकडे एक विकर असते. विशिष्ट पदार्थ पाण्यात टाकला की ते विकर तो फोडते आणि अतिनील दिव्याखाली पाणी निळे चमकते. याला मात्र 18 ते 24 तास लागतात. दुसरी तऱ्हा त्याहून चपळ. मैलापाण्यात आणि जंतूंमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचा प्रथिनाचा घटक असतो. त्यावर ठराविक अतिनील किरण पाडले की तो वेगळ्या लांबीचे किरण परत देतो. हातातले यंत्र पाण्यात बुडवून हे परतलेले किरण मोजता येतात, तेही त्याच क्षणी. गेल्या दशकात झांबियात आणि आपल्या बिहारमध्ये विहिरी-बोअरच्या पाण्यावर याचे प्रयोग झाले आहेत.

हे सगळे परदेशातच होते असे नाही. मुंबईत पवईच्या आयआयटीत प्रा. सौम्यो मुखर्जी यांच्या गटाने केसासारखा बारीक प्रकाशतंतू इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवला. वाकणावर प्रकाश थोडा बाहेर झिरपतो. तिथे ई-कोलायला धरून ठेवणारी प्रतिपिंडे चिकटवली. जंतू येऊन चिकटले की ते प्रकाश शोषतात आणि पलीकडे उजेड कमी पोचतो. किती कमी झाला त्यावरून जंतू कळतो. 2011 साली हे काम प्रसिद्ध झाले. आंजर्ल्याहून पवई आपल्या अकोल्या-परभणीपेक्षा कितीतरी जवळ. पण प्रयोगशाळेतून विहिरीच्या काठापर्यंतचे अंतर मैलांत मोजायचे नसते.

यंत्राची भाटगिरी नको

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगतो, कारण आपल्याला कोणाचा माल खपवायचा नाही.

काजव्याचे यंत्र जंतूची जात सांगत नाही. भांड्याला उष्टे चिकटले असले तरी ते उजेड दाखवते, कारण उष्ट्यातही एटीपी असते. दह्यातला उपकारी जंतू आणि पटकीचा जंतू त्याला सारखेच. ट्रिप्टोफॅनचे यंत्र गढूळ किंवा पालापाचोळा कुजलेल्या पाण्यात फसू शकते. आणि सगळ्यांत मोठी अडचण थेंबाची. पिण्याच्या पाण्याचे आपले मानक म्हणते की 100 मिलिलिटर पाण्यात एकही ई-कोलाय सापडता कामा नये. 100 मिलिलिटर म्हणजे सुमारे 2 हजार थेंब. सेन्सर एका वेळी थेंब-दोन थेंब पाहतो. 2 हजार थेंबांत एक जंतू असेल तर तो नेमका त्याच थेंबात कसा सापडणार? म्हणून आधी पाणी गाळून जंतू गोळा करावे लागतात. जो विक्रेता हे सांगत नाही आणि बटण दाबा, निकाल घ्या म्हणतो, त्याला आपल्या गावच्या वेशीवरूनच परत पाठवा.

तर मग यंत्राचा उपयोग काय? सावध करण्याचा. धूर दिसला म्हणजे आग लागलीच असे नाही, पण धूर दिसल्यावर कोणी झोपून राहत नाही. आकडा चढला की त्या विहिरीचे पाणी उकळून प्यायचे, टीसीएल टाकायचे, नमुना पक्क्या तपासणीला पाठवायचा. एवढे त्याच दिवशी कळले तरी पुष्कळ झाले.

मोजणारा ते, भोगणारे आपण

आता कापूसवाल्यांकडे येतो. जंतूंचे यंत्र आपल्याला नको म्हणणाऱ्यांनी जरा आठवून पाहावे की आजवर आपल्या मालावर कोणाकोणाचा उजेड पडला.

कापूस घेऊन आपण केंद्रावर जातो. ग्रेडर मुठीत कापूस घेतो, उजेडाकडे धरतो, पिवळी झाक आहे म्हणतो, कवडी आहे म्हणतो. 1972 साली एकाधिकार खरेदी आली तेव्हापासून आपण हे नाटक पाहत आहोत. एकाधिकार गेला, ग्रेडरची मूठ गेली नाही. पुढे ओलाव्याचे यंत्र आले. कापूस महामंडळाच्या खरेदीत 8 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की दर कापतात, 12 च्या वर गेला की माल परत. यंत्र कोणाचे? खरेदीदाराचे. ते बरोबर लावले आहे हे कोण पाहतो? खरेदीदार. दुसऱ्यांदा मोजा म्हणण्याची सोय? रांगेत मागे शंभर गाड्या उभ्या असताना ती सोय किती जणांना परवडते? गाठी झाल्यावर तर रुईचा रंग यंत्रच उजेड पाडून मोजते. किती उजेड परतला आणि त्यात पिवळेपणा किती, असे दोन आकडे काढते. ते आकडे गिरणीवाल्याला कळतात. ज्याने बोंड वेचले त्या बाईला कधी कळले?

दुधाचेही तेच. दुधावर उजेड पाडून, तो किती विखुरतो त्यावरून फॅट मोजणारी यंत्रे कधीची आली. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ, पॉइंट खाली गेला की दर खाली. काच डेअरीच्या बाजूला, गाय आपल्या बाजूला.

यात एक सूत्र दिसते. मोजमाप खरेदीदाराच्या हातात असले की ते भाव पाडण्याचे हत्यार होते. तेच मोजमाप उत्पादकाच्या हातात आले की घामाचे दाम मागण्याचा पुरावा होतो. यंत्र तेच. हात बदलला की अर्थ बदलतो.

उद्या दुधाच्या संकलन केंद्रावर जंतू मोजणारे यंत्र लागणार, यात आम्हांला शंका नाही. आज निळीची चाचणी आहेच. दुधात निळा रंग टाकायचा, तो जितक्या लवकर उडेल तितके जंतू जास्त. त्याला काही तास लागतात. मिनिटात आकडा देणारे यंत्र मिळाले तर डेअरी ते का लावणार नाही? आणि लावल्यावर पहिल्या दिवशी काय होईल? "तुमच्या दुधात जंतू जास्त, दर दोन रुपये कमी." जंतू आपल्या गोठ्यात पडले की त्यांच्या न धुतलेल्या कॅनमध्ये की तीन तास उशिरा आलेल्या गाडीत, हे कोण सांगणार? ज्याच्याकडे स्वतःचा सकाळचा आकडा असेल तोच सांगू शकेल. बाकीचे मान खाली घालून दोन रुपये सोडतील.

सरकीची पेंड आणि दोन न्याय

याचे आणखी एक उदाहरण तर थेट आपल्या कापसातलेच आहे. ते जंतूचे नाही, बुरशीचे आहे, पण गोष्ट तीच.

ओल लागलेल्या सरकीवर आणि मक्यावर एक पिवळसर-हिरवी बुरशी येते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. 1974 साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे गेली. पावसात सापडलेल्या काळ्या ज्वारीचेही तसेच. 1995 साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत बुरशी लागलेली ज्वारी आणि मका खाऊन लोक आजारी पडले, त्यामागे दुसऱ्या एका बुरशीचे विष निघाले. काळी ज्वारी कोण खातो? जो चांगली विकून टाकतो तो.

या अफ्लाटॉक्सिनच्या बुरशीचा माग अतिनील दिव्याखाली लागतो. बुरशी लागलेल्या रुईवर आणि सरकीवर झळझळीत हिरवट-पिवळी चमक दिसते. चमक म्हणजे विषच असे नाही, पण इशारा नक्की. हे शास्त्र कापसावरच्याच अभ्यासातून पन्नास-साठ वर्षांपूर्वी पुढे आले.

आता साखळी पाहा. बुरशी लागलेली सरकी घाणीत जाते. पेंड होते. पेंड पोत्यात भरून आपल्यालाच विकली जाते. गाय ती खाते. विष बदलून दुधात उतरते. दुधात त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम, त्याच्यावर गेले की दूध बाद. बाद कोणाचे? आपले. पेंडीच्या पोत्यावर दिवा कोणी धरला? कोणीच नाही. विकत घेताना आपला माल तपासायचा आणि आपल्याला विकताना डोळे मिटायचे, हा कुठला न्याय? तपासणी असेल तर दोन्ही दिशांनी हवी. दूध तपासा, पेंडही तपासा. कापूस तपासा, बियाणेही तपासा.

बियाण्यावरून आठवले. बीटी कापूस आपल्याकडे 2002 साली अधिकृत झाला. बीटी हा मातीतला जिवाणूच. त्याचे जनुक कापसात घातले. म्हणजे जंतूंशी आपला काही संबंध नाही म्हणणारे आपण वीस वर्षांहून जास्त जंतूच्या जोरावर कापूस पिकवत आहोत. पुढे नकली बीटी बियाण्याचा सुळसुळाट झाला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने पाकिटात खरेच बीटी आहे का हे थोड्या वेळात दाखवणारी पट्टी बनवली होती. आपल्यापैकी किती जणांनी ती पट्टी स्वतःच्या हातात धरली? पुढच्या बैठकीत हात वर करायला सांगू. आमचा अंदाज आहे की एका हाताची बोटे पुरतील. साधन होते, पण काउंटरच्या आपल्या बाजूला ते आलेच नाही.

आपल्या गावातले यंत्र

आता पाणी. जुलै 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत दूषित पाण्याने पटकीची साथ आली. माणसे दगावली. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघाले. काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू मिळाला आणि बोट पाण्याकडे गेले. एक गाव डोंगरातले, एक शहराच्या कुशीतले. दोन्हीकडे पाणी बिघडले असल्याची पहिली खबर कोणी दिली? माणसाच्या शरीराने. म्हणजे आपल्याकडे जंतू ओळखण्याचे सर्वांत चपळ यंत्र आजही कोणते? लेकराचे पोट. पोट बिघडले की कळते, विहीर बिघडली.

ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. युरोपातल्या ताटात जाणारी कोळंबी तपासायला या देशात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, कारण तिथले गिऱ्हाईक माल परत पाठवू शकते. ती कोळंबी पकडणाऱ्याच्या विहिरीचे पाणी परत पाठवायचे कुठे? 'इंडिया'च्या ताटातले जंतू मोजायचे आणि 'भारता'च्या हंड्यातले जंतू नशिबावर सोडायचे, हीच रीत.

सरकार म्हणेल की आम्ही करतो. खरे आहे, काही करते. गावात जलसुरक्षक आहे, टीसीएल आहे, ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे, लाल कार्ड आहे. 2019 पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यायचे ठरले आहे. कागदावर हे चांगले आहे. पाणी भरते ती बाई, पाण्याने आजारी पडलेले पोर सांभाळते ती बाई, मग मोजमापही तिच्याच हातात हवे. 1986 च्या चांदवड अधिवेशनापासून आपण दुसरे काय सांगत आलो? पण कार्ड भिंतीवर आणि पेटी कपाटात असेल तर तिच्या हातात काय आले?

गावाच्या हातात विज्ञान देता येते, हे या देशाने एकदा करून दाखवले आहे. 1982 साली ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी एक साधी बाटली सुचवली. आत औषध लावलेला कागद. पाणी भरायचे, ठेवायचे. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर मैल्याचे जंतू आहेत. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, पदवी नको. काळे म्हणजे काळे, हे शाळेतल्या पोरालाही कळते. जगभर ही बाटली गेली. उजेडाची यंत्रे याच वाटेने गावात यायला हवीत. साधी, उघडी, कोणालाही वाचता येणारी.

दोन आक्षेप

आपल्यातले काही म्हणतील, कर्ज आणि भाव सोडून जंतू कुठे काढले? त्यांना सांगतो की हा भावाचाच प्रश्न आहे. घरात एक माणूस हगवणीने आठ दिवस पडला की दवाखाना, सलाइन, बुडालेली मजुरी आणि ऐन निंदणीत रिकामा गेलेला आठवडा. हा खर्च कृषिमूल्य आयोगाच्या कोणत्या रकान्यात धरला जातो? आणि जे मोजमाप उद्या आपल्या मालाचा दर ठरवणार ते आज शिकलो नाही, तर उद्या ग्रेडरच्या मुठीसारखेच त्याच्यापुढे उभे राहावे लागेल.

दुसरे म्हणतील, मग सरकारने प्रत्येक गावाला फुकट यंत्र वाटावे. नको. फुकट वाटपाची यंत्रे आपण पाहिली आहेत. फोटो निघतो, खोका निघतो, औषध संपते, पुन्हा येत नाही. आपल्याला भीक नको आहे. 10 जून 2019 रोजी अकोट तालुक्यात अकोली जहागीरला जमून आपण बंदी असलेले बियाणे उघडपणे पेरले ते फुकट मिळावे म्हणून नव्हे, निवडण्याचे स्वातंत्र्य मिळावे म्हणून. बियाण्याला जे लागू ते मोजमापाला लागू. यंत्र घेऊ, हिशेब करून घेऊ, गावकीने, दूध संस्थेने, बचत गटाने मिळून घेऊ. फक्त वाट अडवू नका आणि आमच्या आकड्याला कचरा समजू नका.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायचा मसुदा

या जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांवर चर्चा व्हावी आणि पटल्यास ठराव व्हावा.

1. झटपट यंत्राचा आकडा सावध करण्यासाठी धरावा, शिक्षेसाठी नाही. केवळ त्या आकड्यावर कोणाचे दूध, मासळी किंवा शेतमाल नाकारू नये, दरही कापू नये. पक्क्या तपासणीचा निकाल आल्याशिवाय कपात नाही.

2. नमुना घेताना त्याचे दोन भाग व्हावेत. एक खरेदीदाराचा, एक मोहोर लावून उत्पादकाचा. वाद झाला तर तिसऱ्या प्रयोगशाळेचा निकाल दोघांवर बंधनकारक.

3. खरेदी केंद्रावरचे प्रत्येक यंत्र, मग ते ओलाव्याचे असो, फॅटचे असो की जंतूंचे, विकणाऱ्याला आकडा दिसेल असेच ठेवावे. ते कधी आणि कोणी तपासून लावले याची नोंद यंत्रावर असावी.

4. आपल्याला विकल्या जाणाऱ्या पेंडीला, पशुखाद्याला आणि बियाण्याला तीच कसोटी लावावी जी आपल्या मालाला लावली जाते.

5. सार्वजनिक पैशातून विद्यापीठांत आणि आयआयटीत तयार झालेल्या तपासणीच्या पद्धती कोणत्याही लहान कारखानदाराला वापरता येतील अशा खुल्या असाव्यात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठापासून अकोल्या-परभणीपर्यंत प्रत्येक कृषी विद्यापीठाने या यंत्रांची पाण्यावर आणि दुधावर उघड परीक्षा घ्यावी आणि कोणते कुठे फसते ते मराठीत छापावे.

6. गावच्या पाण्याचा प्रत्येक निकाल त्याच दिवशी पाणवठ्यावर, बायांना दिसेल अशा जागी लिहावा.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक काम करून यावे. आपल्या पिण्याच्या विहिरीचे किंवा टाकीचे पाणी शेवटचे कधी तपासले आणि निकाल काय आला, हे ग्रामपंचायतीत विचारून, कागद पाहून, लिहून आणावे. ज्यांना कागद मिळणार नाही त्यांनी "मिळाला नाही" असे लिहून आणावे. तेही एक मोजमापच आहे, आणि ते आपल्या हातचे आहे.

आंजर्ल्याच्या होडीवाल्याने 1997 साली निकाल ऐकला, कारण त्याच्याकडे दाखवायला आकडा नव्हता. आपण ते पुन्हा होऊ देऊ नये. काजवा आपल्या बांधावरचा आहे. त्याचा उजेड फक्त दुसऱ्याने आपल्या तोंडावर मारायचा, हे आता पुरे.